भावाला ४० तास ठाण्यात बसवून ठेवलं. पोलिसांवर दावा लावता येतो का?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, पहिला धागा असा काढावा लागेल असं वाटलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ, वय २६. तो काम करतो त्या ऑफिसातून लॅपटॉप चोरीला गेले आणि मालकाने संशयित म्हणून तिघांची नावं दिली, त्यात याचं. शुक्रवारी संध्याकाळी ७ ला ठाण्यातून फोन, जरा चौकशीला ये, अर्ध्या तासात सोडतो. हा आपल्या पायाने गेला. तिथे फोन काढून घेतला, आत बाकावर बसवलं, आणि बाहेर आला तो थेट रविवारी सकाळी ११ ला. ४० तास. मारहाण केली नाही, जे झालं नाही ते मी सांगणार नाही. पण दोन्ही रात्री झोपू दिलं नाही, पाय मोकळे करायला उठला की बस खाली. आई आणि मी दोनदा डबा घेऊन गेलो, डबा घेतला पण भेटू दिलं नाही. अटक दाखवली नाही, कोर्टात नेलं नाही, एका कागदावर सही नाही. रविवारी म्हणाले जा, बोलावलं की यायचं. चार दिवसांनी लॅपटॉप भलत्याच माणसाकडे सापडले.

या गोष्टीला आता ३ आठवडे झाले. ऑफिसने त्याला 'सध्या येऊ नकोस' सांगितलंय. बाबा म्हणतात सुटला ना, विषय संपव. भाऊ काहीच बोलत नाही, खोलीचं दार उघडं ठेवून झोपतो. मला विचारायचंय की पोलिसांवर दावा लावता येतो का, आणि येत असेल तर लावावा का?

गारवेल
बाई गं. वाचून पोटात गोळा आला. दार उघडं ठेवून झोपतो हे वाचल्यावर पुढचं दोनदा वाचावं लागलं. आधी त्याला कुणा समुपदेशकाकडे घेऊन जा, दाव्याचं नंतर.

सरळसोट
ताई स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सोडून द्या. कायदा तुमच्या बाजूने असेलही पण तुम्हाला त्याच हद्दीत राहायचंय. उद्या पासपोर्टची पडताळणी, चारित्र्याचा दाखला, सगळं त्याच ठाण्यातून जाणार. पुढच्या वेळी आसपास काही चोरीला गेलं की पहिलं नाव कुणाचं निघेल? माझ्या मावसभावाच्या बाबतीत आम्ही तक्रार केली होती, तक्रारीची चौकशी कुणाकडे आली तर ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच वरिष्ठाकडे. सहा महिन्यांनी उत्तर आलं, 'आरोपात तथ्य आढळले नाही'.

दुपारचं_ऊन
@सरळसोट, तुमचा अनुभव खरा असेल पण हाच सल्ला प्रत्येक घरात दिला जातो म्हणून तर 'अर्ध्या तासात सोडतो' हे वाक्य इतकं सहज वापरलं जातं. कुणीच विचारणार नाही याची खात्री असते त्यांना.

सरळसोट
मान्य. पण विचारणारा कोण असावा हे आपण कीबोर्डवर बसून ठरवू नये एवढंच म्हणतोय. २६ वर्षांच्या पोराचं आयुष्य आहे.

काळा_कोट
मी जिल्हा कोर्टात वकिली करतो, हायकोर्टात क्वचित जातो, ते लक्षात ठेवून वाचा. सगळे कागद न बघता दिलेलं मत आहे.

'दावा' म्हणून आपण एकच शब्द वापरतो पण वाटा तीन आहेत आणि चुकीच्या वाटेवर पाऊल पडलं की वर्षं जातात.

एक, हायकोर्टात कलम २२६ खाली रिट, म्हणजे हक्क मोडला म्हणून थेट हायकोर्टाकडे केलेला अर्ज. राज्यघटनेचं कलम २१ आणि २२ मोडलं, २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं नाही, म्हणून सरकारने भरपाई द्यावी. इथे साक्षीदार, उलटतपासणी वगैरे सहसा नसते, प्रतिज्ञापत्रांवर काम चालतं त्यामुळे तुलनेने लवकर होतं. पण अडचणही तीच. पोलिसांनी शपथेवर लिहून दिलं की 'सदर इसमास चौकशीकामी बोलावले होते व एका तासात जाऊ दिले', आणि तुमच्या हातात उलट दाखवायला काही नसलं, तर कोर्ट म्हणतं हा तथ्यांचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. सुप्रीम कोर्टाने सुबे सिंग वि. हरियाणा, २००६ मध्ये म्हटलंय की रिटमध्ये भरपाई हवी तर हक्कभंग उघड आणि निर्विवाद दिसला पाहिजे.

दोन, दिवाणी दावा. इथे पुरावा द्यायला वाव आहे, बुडालेला पगार, गेलेली नोकरी, मनस्ताप, सगळं मागता येतं, पण मागाल त्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते. आणि मुदत! मुदतीच्या कायद्यात बेकायदा कैदेच्या भरपाईसाठी सुटकेपासून १ वर्ष आहे. लोक तेवढंच वाचून निवांत राहतात. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १६१ म्हणतं की कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दल दावा ६ महिन्यांत लावला पाहिजे, आणि सरकारी वकील हे कलम पहिल्या तारखेलाच बाहेर काढतो. वर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची २ महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. तुमचे ३ आठवडे गेलेत. म्हणजे नोटिशीचा मसुदा या महिन्यातच झाला पाहिजे.

तीन, फौजदारी. न्याय संहितेत कलम १२७ बेकायदा कैदेचं आहे, आणि कलम २५८, ज्यात अधिकार हातात असलेल्या माणसाने बेकायदा आहे हे माहीत असून कुणाला डांबलं तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा. पोलिसांवर खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते की नाही यावर वाद होतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली) एक बरं केलंय, मंजुरी मागितल्यावर सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं.

पण हे सगळं नंतर. आज रात्री एकच काम करा. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपारपर्यंतचं फूटेज जपून ठेवा असा अर्ज लिहा, ठाण्याला आणि वर अधीक्षक किंवा आयुक्त जे असतील त्यांना. परमवीर सिंग सैनी प्रकरणात डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने प्रत्येक ठाण्यात, आत येण्याच्या दारापासून लॉकअपपर्यंत कॅमेरे लावा आणि रेकॉर्डिंग १८ महिने ठेवा असं सांगितलंय. प्रत्यक्षात 'हार्ड डिस्क खराब' हे उत्तर येऊ शकतं. तुमचा अर्ज आधी पोचलेला असेल तर त्या उत्तराचा अर्थ बदलतो.

दगडफूल
जबरदस्त प्रतिसाद, वाचनखूण साठवली.

सदाफुली
@काळा_कोट एक शंका. हा मुलगा स्वतःहून गेला. अटक केलीच नाही असं पोलीस म्हणणार, मग २४ तास कुठून मोजायचे? अटकच नाही तर बेकायदा अटक कशी?

काळा_कोट
नेमका प्रश्न विचारलात. बहुतेक केसेस इथेच अडकतात.

अटकेची वेळ म्हणजे पोलिसांनी कागदावर लिहिलेली वेळ नव्हे. मुंबई हायकोर्टाने १९९० मध्ये अशाक हुसेन नावाच्या कस्टम्सच्या प्रकरणात सांगितलंय की माणसाच्या हिंडण्याफिरण्यावर बंधन आलं त्या क्षणी अटक सुरू झाली, अधिकारी तिला नाव काहीही देवोत. त्यामुळे विचारायचं असं की त्याला उठून घरी जाता येत होतं का? फोन काढून घेतला, उठला तर बसवला, घरचे दारात उभे असताना भेटू दिलं नाही. ही अटकच.

आणि मालकाच्या मालाची नोकराने चोरी केली तरी शिक्षा ७ वर्षांपर्यंतची आहे. तिथे अर्नेश कुमार, २०१४ हा निकाल लागतो. आधी हजर राहण्याची लेखी नोटीस द्यायची, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५(३), जुनं ४१अ. फोनवर 'जरा ये' हे नोटीस नव्हे.

मधलासुट्टी
पोलिसांचा अर्धा तास ऐकून आमच्या गल्लीतल्या सुताराचा 'उद्या नक्की' आठवला. पण इथे हसण्यासारखं नाही खरंच, त्या मुलाला माझ्याकडून सांगा की आम्ही सगळे त्याच्या बाजूने आहोत.

निवृत्त_खाकी
तुला अरेतुरे करतो पोरी, माझ्या मुलीच्या वयाची असशील. ३४ वर्षं नोकरी केली, शिपाई म्हणून लागलो आणि फौजदार म्हणून निवृत्त झालो. काही लोकांना आवडणार नाही पण लिहितो.

असं का होतं ते आधी सांगतो. गुन्हा दाखल झाला की वरून दर दोन तासांनी फोन, काय झालं, डिटेक्ट झाला का. फिर्यादी वजनदार असला तर आणखी. अटक दाखवली की घड्याळ सुरू होतं, २४ तासांत कोर्टात उभा करा, मॅजिस्ट्रेट विचारणार अटकेची गरज काय होती, रिमांड मिळाला नाही तर बोलणी खायची. मग सोपी वाट म्हणजे न दाखवता बसवून ठेवणं. घड्याळच सुरू करायचं नाही. मी तरुण असताना हे शिकवून कुणी शिकवलं नाही, बघत बघत आलं. मीही माणसं बसवून ठेवलेली आहेत. त्यातला एक अजून माझ्या लक्षात आहे, त्याची बायको रात्रभर फाटकाबाहेर उभी होती. सकाळी कळलं की त्याचा काही संबंध नव्हता. मी त्याला जा म्हणालो. माफी मागितली नाही. आज मागितली असती.

म्हणून माझ्या मते दाखवलेली अटक परवडली. त्यात पंचनामा होतो, अटकेचा मेमो होतो, घरच्याची सही होते, डॉक्टर तपासतो, दुसऱ्या दिवशी कोर्टात मॅजिस्ट्रेट विचारतो की बाबा काही तक्रार आहे का. न दाखवलेल्या अटकेत माणूस कुठेच नसतो. त्याला काही झालं असतं तर तो ठाण्यात आलाच नव्हता असं लिहायला कुणाचा हात थरथरला नसता.

पण एक तक्रारही आहे माझी. भरपाई सरकार देतं. म्हणजे तुमच्या आमच्या करातून. ज्याने बसवलं त्याचा पगार, बढती जागच्या जागी. तेव्हा अर्ज कराल तेव्हा नुसते पैसे मागू नका, रक्कम जबाबदार अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल करा हेही मागा. त्याने सुधारणा होते.

दुपारचं_ऊन
काका, हे लिहायला धैर्य लागतं. मनापासून आभार. आणि वसुलीचं खरं आहे, २०२३ मध्ये मुंबईच्या एका संगीत शिक्षकाला जामीनपात्र गुन्ह्यात रात्रभर डांबलं म्हणून मुंबई हायकोर्टाने २ लाख द्यायला लावले, आणि ते अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितलं. जामीनपात्र म्हणजे जामीन हा हक्क, त्यात रात्रभर ठेवायचं कारणच नव्हतं.

सरळसोट
काकांचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं हललंय हे कबूल करतो. पण २ लाख? वकिलाची फी, चकरा, बुडालेले दिवस धरून काय उरतं?

पिंपळपार
पैशांवरून आठवलं. फिर्यादीने विनाकारण अटक करवली तर मॅजिस्ट्रेट फिर्यादीकडून भरपाई देववू शकतो, जुनं कलम ३५८, नवीन संहितेत ३९९. कमाल रक्कम किती माहितीये? १००० रुपये. १ जुलै २०२४ ला अख्खी संहिता नवीन आली, कलमांचे आकडे सगळे बदलले, हा आकडा तेवढा तसाच राहिला. मला याची फार चीड येते.

दगडफूल
अवांतर आहे पण लिहितो, कारण या विषयाचा इतिहास मला नेहमी ओढतो.

१९४७ मध्ये मेरठला एका सराफाला पोलिसांनी पकडलं, त्याचं १०३ तोळे सोनं जप्त करून मालखान्यात ठेवलं, तो सुटला पण सोनं हेड कॉन्स्टेबल घेऊन पाकिस्तानात पळाला. सराफाच्या पेढीने सरकारवर दावा लावला. सुप्रीम कोर्ट १९६४ मध्ये म्हणालं की पोलिसांचा निष्काळजीपणा आहे, पण पकडणं आणि जप्ती हे सार्वभौम सत्तेचं काम, त्याबद्दल सरकार जबाबदार नाही. हा कस्तुरीलाल निकाल, लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर.

त्यानंतर १९ वर्षांनी रुदुल साह. बिहारमधला माणूस, जून १९६८ ला निर्दोष सुटला आणि तुरुंगातून बाहेर आला ऑक्टोबर १९८२ ला. १४ वर्षं नुसता विसरून गेले त्याला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी लिहिलं की नुसता 'सोडा' असा हुकूम देऊन भागणार नाही, आणि राज्यघटनेच्या कलम ३२ खाली थेट ३५ हजार देववले. पहिल्यांदाच. मग १९८५ ला भीम सिंग, जम्मू काश्मीरचे आमदार, अधिवेशनाला जाता जाता पकडले, ५० हजार. १९९३ ला नीलाबती बेहेरा, ओडिशाची आई, २२ वर्षांचा मुलगा पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर प्रेत. तिने सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं होतं, नुसतं पत्र. दीड लाख. त्या निकालात कोर्टाने साफ सांगितलं की मूलभूत हक्क मोडला असेल तिथे सार्वभौम सत्तेची ढाल चालणार नाही.

एक मराठी न्यायमूर्ती दार लावतो, दुसरा उघडतो. मला हे फार मोठं वाटतं.

सदाफुली
रुदुल साहला ३० हजार ना?

दगडफूल
३० हजार निकालात, आणि ५ हजार बिहार सरकारने आधी दिले होते. मिळून ३५.

उंबरठा
मी हा धागा दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते.

आमच्या वडिलांवर भाऊबंदकीतून खोटी केस झाली होती. अटक, ५ दिवस कोठडी, मग ६ वर्षं तारखा, शेवटी निर्दोष. त्यांनी वर्षाच्या आत खोडसाळ फिर्यादीबद्दल भरपाईचा दावा लावला. तिथे सगळं आपल्यालाच सिद्ध करावं लागतं, केस आपल्या बाजूने संपली, समोरच्याकडे वाजवी कारण नव्हतं, त्याच्या मनात द्वेष होता, आपलं नुकसान झालं. वडिलांची साक्ष तीन वर्षांनी झाली. उलटतपासणीत त्यांना विचारलं, कोठडीत जेवण मिळत होतं ना? ते म्हणाले हो. मग त्रास कसला झाला? वडील गप्प राहिले. घरी आल्यावर मला म्हणाले, मला उत्तर येत होतं गं पण ते सगळ्यांसमोर सांगण्यासारखं नव्हतं.

निकालाच्या आधी ते गेले. मी वारस म्हणून नाव लावायला गेले तर वकील म्हणाले, अशा वैयक्तिक हानीच्या दाव्यात वादी निकालाआधी गेला तर दावाही त्याच्याबरोबर संपतो, वारसांना तो पुढे चालवता येत नाही. हुकूमनामा हातात असता तर गोष्ट वेगळी. दोन ओळींच्या आदेशात ९ वर्षं संपली.

तरी मी तुला दावा लावू नकोस म्हणणार नाही. वडील शेवटच्या तारखेपर्यंत इस्त्रीचा सदरा घालून जायचे. पण भावाला विचारलंस का? सगळा धागा तू लिहितेयस, तुझे बाबा काय म्हणतात ते लिहिलंस. त्याला काय हवंय?

गारवेल
उंबरठा ताई, डोळे भरून आले.

काळा_कोट
उंबरठा यांनी सांगितलेलं कायद्याने बरोबर आहे आणि फार थोड्यांना माहीत असतं. वय झालेल्या वादीचा असा दावा असेल तर लवकर सुनावणीसाठी अर्ज करावा, मी आता प्रत्येक पक्षकाराला सांगतो.

झुळूक
माझ्या मते निर्दोष सुटलेल्या प्रत्येकाला आपोआप भरपाई मिळाली पाहिजे. वर्षं गेलेली असतात.

पिंपळपार
@झुळूक, असावं असं मलाही वाटतं, पण आज तसं नाही. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१४ ला सहा जणांना निर्दोष सोडलं, त्यातले काही फाशीच्या शिक्षेखाली होते. त्यांनी भरपाई मागितली तर २०१६ ला कोर्टाने नाही म्हटलं, चुकीचा पायंडा पडेल म्हणून. याउलट नंबी नारायणन, इस्रोचे शास्त्रज्ञ, १९९४ ची अटक, त्यांना २०१८ ला ५० लाख. म्हणजे कुणाला मिळेल आणि किती, याचं काही मोजमापच नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ वा अहवाल यावरच दिलाय, चुकीच्या खटल्याच्या भरपाईसाठी वेगळा कायदा करा म्हणून. कायदा झालेला नाही.

काळा_कोट
दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. निर्दोष सुटणं म्हणजे अटक बेकायदा होती असं नव्हे, संशयाला तेव्हा वाजवी कारण असू शकतं. आणि उलट, माणूस उद्या दोषी ठरला तरी त्याला ४० तास न दाखवता ठेवणं बेकायदाच. धागाकर्तीच्या भावाच्या बाबतीत चोरी कुणी केली याच्याशी आपल्या दाव्याचा संबंध नाही. तिथे वाद घालायला जाऊच नका, फक्त तास मोजा.

सदाफुली
एक सुचलं. पाटीपेन्सिल, तुम्ही डबा दिलात तेव्हा कुणी तुमचं नाव लिहून घेतलं का? आमच्याकडच्या ठाण्यात आत शिरताना रजिस्टरमध्ये नाव, वेळ, काम लिहावं लागतं.

पाटीपेन्सिल
उशिरा लिहितेय, माफ करा. सगळं वाचलं, दोनदा वाचलं.

सदाफुली, तुमचा प्रश्न वाचून मी ताडकन उठून बसले. शनिवारी दुपारी दारावरच्या बाईंनी रजिस्टर पुढे केलं होतं, मी सही केली होती. नाव, मोबाइल, वेळ १ वाजून १० मिनिटं, आणि 'कामाचे स्वरूप' मध्ये मी स्वतः लिहिलंय, 'भावाला डबा'. शुक्रवारी रात्री नव्हतं लिहिलं, शनिवारी लिहिलंय. मी विसरूनच गेले होते.

काळा_कोट
याच्याइतकी चांगली बातमी या धाग्यात आलेली नाही. शुक्रवारी ७ ला आलेल्या माणसाला शनिवारी दुपारी बहीण डबा देते, म्हणजे तो १८ तासांनी तिथेच आहे, आणि हे त्यांच्याच रजिस्टरमध्ये. माहिती अधिकारात त्या दिवसांच्या पानांची साक्षांकित प्रत मागा, स्टेशन डायरीच्या नोंदी मागा. डायरीच्या नोंदी नाकारतील कदाचित, तरी मागा. दावा लागल्यावर कोर्टामार्फत मागवता येतात, भावाच्या फोनचं लोकेशन आणि कॉलचे तपशीलसुद्धा. शुक्रवारी ७ चा तो कॉल कुठल्या नंबरवरून आला त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आणि फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला, अनुसूचित जाती जमातीच्या माणसाला, कोठडीत असलेल्याला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची अट आहे.

निवृत्त_खाकी
राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही अर्ज टाक. रीत न पाळता अटक किंवा डांबून ठेवणं हे त्यांच्या कामातच येतं. मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून १ वर्षाच्या आत. आणि पोरी, ठाण्यात अर्ज द्यायला भावाला एकट्याला पाठवू नकोस. आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. शिक्का नाही म्हणाले तर रजिस्टर पोस्ट, पोचपावतीसह.

पाटीपेन्सिल
उंबरठा ताई, तुम्ही विचारलंत ना त्याला काय हवंय. मी विचारलं नव्हतं. लाज वाटली पण खरंच विचारलं नव्हतं.

काल रात्री जेवताना विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, पैसे दिले नाही दिले चालेल, पण मी तिथे होतो हे कुठेतरी लिहिलेलं पाहिजे. म्हणाला की रविवारी बाहेर पडताना त्याने विचारलं होतं, माझं काही लिहून देणार का, तर ते म्हणाले कशाचं लिहून देऊ, तू आलासच कुठे होतास. तेव्हापासून त्याला स्वतःलाच कधीकधी वाटतं की आपण वाढवून सांगतोय की काय.

बाबा ऐकत होते. पानावरून उठले, वाटलं रागावले. कपाटातून कोरी वही आणून त्याच्यासमोर ठेवली.

आज बाबा आणि मी जाऊन फूटेजचा अर्ज दिला. ठाण्यात शिक्का द्यायला पाऊण तास लावला, पण दिला. वर अधीक्षक कार्यालयात पाच मिनिटांत मिळाला. रिट की दिवाणी ते वकील भेटल्यावर ठरवू, सोमवारी वेळ घेतलीय.

सरळसोट
शिक्का मिळाला हे फार बरं झालं. पासपोर्टचं मी जे लिहिलं होतं ते मागे घेतो. कधी अडवलंच तर हा शिक्काच कामाला येईल.

उंबरठा
वहीत लिहिलं का त्याने?

पाटीपेन्सिल
हो ताई. ११ पानं. शुक्रवारी ७ पासून, तासातासाचं. फोन नव्हता पण समोर भिंतीवर घड्याळ होतं म्हणतो. कुणाची ड्यूटी कधी बदलली, पहाटे कोण झाडायला आलं, शनिवारी कुठल्या दुसऱ्या माणसाला आणलं, त्याच्या शर्टाचा रंग. पहिल्याच पानावर त्याने लिहिलंय की भिंतीवरचं घड्याळ १० मिनिटं पुढे होतं, कारण बाहेर आल्यावर फोनमध्ये ताडून बघितलं. वकिलांना द्यायच्या आधी सगळ्या वेळा १० मिनिटं मागे करून नीट लिहून काढू का?

काळा_कोट
अजिबात नको. एक अक्षर बदलू नका, खाडाखोड असली तर तीही राहू द्या. खाली तारीख आणि सही घ्या, पानांना नंबर घाला. फूटेजवर वेळ छापलेली असते. फूटेज मिळालं आणि त्याच्या वहीतली प्रत्येक वेळ बरोबर १० मिनिटं पुढे निघाली, तर तो त्या घड्याळासमोर बसला होता हे वेगळं सिद्ध करावं लागणार नाही.